आधी तक्रारी, मग समाधान

भाजीत मीठ जास्त झालंय का, असं बायकोने विचारलं की तटस्थराव घास गिळत, वर घोटभर पाणी पीत आणि शांतपणे म्हणत, "तुला काय वाटतं?" लग्नाच्या पहिल्या वर्षी तिला हा नवऱ्याचा समजूतदारपणा वाटला. दुसऱ्या वर्षी विनोद वाटला. पुढे तिने विचारणंच सोडलं आणि ती मीठ स्वतःच्या अंदाजाने घालू लागली. अंदाज बरोबर होता की चूक, हे कळायला त्या घरात काही मार्ग नव्हता.

तटस्थराव हे अर्थात आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते संस्थेतल्या मंडळींनी ठेवलं होतं, आणि पाठीमागे घ्यायचं नाव असूनही इतकं रुळलं होतं की एकदा नव्या शिपायाने टपाल देताना तोंडावरच "तटस्थराव, सही" म्हटलं. त्यांनी सही केली. बरं वाटलं की वाईट, ते चेहऱ्यावर दिसलं नाही. चेहऱ्यावर काही दिसू न देणं हा त्यांच्या धंद्याचा भाग होता. लोकांना काय वाटतं हे मोजणारी ती संस्था. घरोघर जाऊन प्रश्न विचारणाऱ्या मुलाखतकारांसाठी तटस्थरावांनी तरुणपणीच एक नियमपुस्तिका लिहिली होती. प्रश्न छापला आहे तसाच वाचावा. अर्थ विचारला तर "तुम्हाला जसं वाटेल तसं" एवढंच म्हणावं. मान डोलावू नये. "अरे वा" म्हणू नये, "अरेरे" तर मुळीच म्हणू नये. घरच्यांनी चहा दिला तर घ्यावा, पण चांगला झालाय असं सांगू नये, कारण त्याने पुढची उत्तरं गोड होतात.

ज्या माणसाने हे लिहिलं त्याच्याकडून मिठाबद्दल मत मिळेल, ही अपेक्षाच मुळात चुकीची होती.

त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. तीन बाजूंनी लोखंडी कपाटं, चौथ्या बाजूला खिडकी, आणि खिडकी उघडली की हाताच्या अंतरावर शेजारच्या गोदामाची भिंत. कपाटांत वर्षावर्षाच्या प्रश्नावल्या गठ्ठे बांधून ठेवलेल्या. वर्षं वाढली तशी कपाटं वाढली आणि टेबल खिडकीकडे सरकत गेलं. शेवटी शेवटी तर तटस्थराव खुर्चीत बसले की मागे रेलायची सोय उरली नव्हती. मागे कपाट होतं, आणि कपाटात त्यांचं आयुष्य होतं. नेमकं सांगायचं तर तिसरं पान होतं.

त्या पानाची गोष्ट अशी. तटस्थराव संस्थेत नवे असताना तिथे वार्षिक समाधान पाहणी सुरू व्हायची होती. तिचा मुख्य प्रश्न असा होता: "एकूण सगळा विचार करता, तुम्ही तुमच्या आयुष्याबद्दल किती समाधानी आहात?" चाचणीसाठी मुलाखतकार काही गल्ल्यांतून फिरले आणि तोंड पाडून परतले. दार उघडलं, नमस्कार-चमत्कार झाले, पहिल्या दोन पानांवरचं नाव-वय-पत्ता झालं आणि लगेच हा प्रश्न. लोक बावचळले. काहींनी दार लावून घेतलं. एका गृहस्थाने, "तुम्हाला माझ्या भावाने पाठवलंय का?" असं विचारून त्या भावाबद्दल बरंच ऐकवलं.

तेव्हाचे संचालक, म्हणजे मोठे सर, डोक्याला हात लावून बसले. कोपऱ्यात बसलेल्या तरुण तटस्थरावांनी हळूच सुचवलं की चौथं पान आधी घेऊ या. चौथ्या पानावर घराबद्दलचे प्रश्न होते. पाण्याचा दाब कसा आहे, भिंतींना ओल येते का, दारं-खिडक्या नीट लागतात का, वरून आवाज येतो का, जिन्यात उजेड असतो का, नळ गळतो का. "माणूस तक्रार करताना सगळ्यात मोकळा होतो, सर," ते म्हणाले. "एकदा मोकळा झाला की मग आयुष्याचं विचारू."

चौथं पान तिसरं झालं, तिसरं चौथं. आणि लोक असे काही बोलू लागले की मुलाखतकारांना उठणं मुश्कील. मोठ्या सरांनी पाठ थोपटली. त्या अदलाबदलीवर तटस्थरावांना पीएचडी मिळाली, नोकरी पक्की झाली, आणि नोकरी पक्की झाली म्हणून लग्न झालं. एका पानाने इतकं करावं म्हणजे खूपच झालं.

पान उलटलं ते पाचव्या वर्षी. तटस्थराव एका मुलाखतकाराबरोबर देखरेखीला म्हणून गेले होते. दार उघडलं एका उतारवयाच्या शिंपिणीने. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या आणि टाचण्यांच्या फटीतून गुणगुणणं चाललेलं. टाचण्या काढून तिने दोघांना बसवलं, तटस्थरावांच्या कोटाची बाही कुणी बिघडवली असं विचारून घेतलं आणि खूश होऊन म्हणाली, "विचारा." मुलाखतकाराने विचारायला सुरुवात केली. पाण्याचा दाब. ओल. तिने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. खिडकी. वरचा आवाज. जिन्यातला दिवा. एकेका प्रश्नाबरोबर बाई खुर्चीत थोडी थोडी खाली जात होती. पानाच्या शेवटी तिने स्वतःच्याच खोलीकडे असं पाहिलं, जणू कुणीतरी ती आत्ताच तिच्या गळ्यात मारून गेलं होतं. मग आला मुख्य प्रश्न. "कसलं समाधान," ती म्हणाली, "लिहा असमाधानी." मुलाखतकाराने मान न डोलावता लिहिलं. दोघे जिना उतरत होते तेव्हा वर पुन्हा गुणगुणणं सुरू झालं होतं.

अंधाऱ्या जिन्यात तटस्थराव कठड्याला धरून उभे राहिले. गेली पाच वर्षं आपण लोकांना आधी त्यांची ओल दाखवतो आहोत आणि मग विचारतो आहोत की कसं काय चाललंय. सगळं शहर दरवर्षी असमाधानी निघत होतं. वर्तमानपत्रं त्यावर अग्रलेख लिहीत होती, नियोजन खात्याने एक समाधान कक्ष उघडला होता, विरोधक ते आकडे सभांतून वाचून दाखवत होते. आणि या सगळ्याच्या मुळाशी ओल होती. किंवा नेमकं सांगायचं तर ते स्वतः होते.

ते तडक मोठ्या सरांकडे गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि भिंतीवरच्या आलेखाकडे बोट केलं.

"ही रेघ किती वर्षांची आहे?"

"पाच, सर."

"प्रश्नांचा क्रम बदललास आणि पुढच्या वर्षी आकडा वर गेला, तर लोक सुखी झाले की पान बदललं, हे कसं सांगशील?"

"नाही सांगता येणार."

"मग? चूक असली तरी चालेल बाबा, पण दरवर्षी तीच हवी. तूच शिकवतोस ना हे पोरांना?"

शिकवत होते. आणि ते खरंही होतं, हीच तर पंचाईत होती. या धंद्यात तुलना म्हणजे सगळं काही, आणि तुलनेसाठी माप बदलून चालत नाही, मग ते वाकडं का असेना. तटस्थराव खोलीत परत आले. त्यांनी मनाशी हिशेब केला की रेघ तोडायची तर याच वर्षी तोडणं सगळ्यात सोपं, कारण दरवर्षी ती लांबत जाणार. पुढच्या वर्षीही त्यांनी हाच हिशेब केला. त्याच्या पुढच्या वर्षीही.

मधल्या काळात त्यांचं नाव झालं. आधीचा प्रश्न पुढच्या उत्तराला कसा रंग चढवतो, या विषयावर त्यांनी जन्मभर लिहिलं. दुसऱ्यांच्या प्रश्नावल्या ते हातात घेत आणि जिथे घोडं पेंड खात असेल तिथे अचूक बोट ठेवत. परिषदांतून लोक त्यांना आपली पानं भीत भीत दाखवत. एका परिषदेत एका तरुण मुलीने उभं राहून विचारलं, "सर, तुमच्या समाधान पाहणीत घराचे प्रश्न आधी का आहेत?" सभागृहात बरीच माणसं होती. तटस्थराव म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?" लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला.

मग एकदा समुद्रकाठच्या एका विद्यापीठाचं बोलावणं आलं. मोठी जागा, उजेडाची खोली, स्वतःचा विभाग. बायको डोळे तपासायची, एका चष्म्याच्या दुकानात, मालकाच्या मर्जीनुसार. तिकडे गेलो तर स्वतःचं दुकान टाकता येईल असं तिने मनात पक्कं करून टाकलं होतं. दुकानाच्या पाटीचा रंगसुद्धा ठरवला होता. तटस्थरावांनी आठवडाभर विचार केला आणि सांगितलं, "एवढं पान एकदा जागेवर लावतो. मग जाऊ."

"तुम्ही गेलात तर दुसरं कुणी लावेल की."

"मी गेलो तर कुणीच नाही लावणार. मोठे सर निवृत्त झाल्यापासून हे चुकलंय हे माहीत असणारा तिथे मी एकटा आहे."

"आणि कधी लागेल ते?"

तिने दुकानातून आणलेली काचांची डबी पुसायला घेतली. मग म्हणाली, "आमच्याकडे काय करतात सांगू? आधी ही काच लावून विचारायचं, मग ती. माणूस म्हणतो दुसरी बरी. मग गुपचूप उलटसुलट करून परत विचारायचं. तरी दुसरीच बरी म्हणाला, तर त्याला डोळ्यांचं काही कळत नाही, नुसती दुसरी आवडते. पाच मिनिटांचं काम आहे. तुम्ही एका काचेवर म्हातारे होणार."

"तुमच्या गिऱ्हाइकाचे गेल्या वर्षीचे डोळे तुम्हाला जपून ठेवावे लागत नाहीत."

"नशीब त्याचं," ती म्हणाली.

समुद्रकाठची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. बायको त्याच दुकानात राहिली. त्या निर्णयाबद्दल तिला काय वाटतं हे तटस्थरावांनी कधी विचारलं नाही. विचारायचं तर प्रश्न कसा घालायचा, कशानंतर घालायचा, हे ठरत नव्हतं. कसाही घातला तरी उत्तराला कुठला ना कुठला रंग चढणारच होता. तीस वर्षांच्या संसारात धुऊन-पुसून कोरी अशी वेळ सापडणं कठीण.

निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा मात्र त्यांनी कंबर कसली. हे पान आपल्या हातून जागेवर गेलं नाही, तर समुद्रकाठ सोडला तो फुकट, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. नव्या संचालकबाई त्यांच्याच विद्यार्थिनी. त्यांच्यापुढे ते अर्ज घेऊन गेले. निम्म्या घरांत जुनाच क्रम, निम्म्या घरांत समाधान आधी आणि तक्रारी मग. रेघही तुटत नाही आणि फरक किती तेही कळतं.

बाईंनी मान डोलावणं टाळलं, ते त्या त्यांच्याकडूनच शिकल्या होत्या. "निम्मी नाही देता येणार, सर. थोडी देते. परिशिष्ट म्हणून."

परिशिष्ट तर परिशिष्ट. तटस्थरावांनी त्या वर्षी डोळ्यांत तेल घालून काम केलं. आकडे आले ते त्यांनी स्वतः तपासले, सहायकाकडून तपासून घेतले आणि पुन्हा स्वतः तपासले. ज्या घरांत समाधान आधी विचारलं होतं, तिथले बहुतेक लोक बरे होते. अगदी आनंदाने नाचत नव्हते, पण बरे होते. शहर इतकी वर्षं बरं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता.

सल्लागार समितीची बैठक संस्थेच्या लांबट खोलीत झाली. तिथल्या खिडक्या कायमच्या बंद असत, कारण उघडल्या की आलेख उडत. तटस्थरावांनी अहवाल मांडला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी चारचौघांत एक मत दिलं: "हा क्रम चूक आहे. बदलावा."

समितीवरचे एक निवृत्त न्यायाधीश सोडले तर कुणी काही बोललं नाही, आणि न्यायाधीश जे बोलले ते पंख्याबद्दल होतं. मग नियोजन खात्याचे अधिकारी खाकरले. "म्हणजे पुढच्या वर्षी आकडा एकदम चढणार?"

"चढणार."

"आणि वरून आम्हाला विचारणार की असं तुम्ही काय केलंत."

"सांगा, पान बदललं."

"मग विचारतील, आधीची इतकी वर्षं काय करत होतात," अधिकारी म्हणाले. समाधान कक्षात बरीच माणसं कामाला होती. त्यातला एक त्यांचा जावई होता, पण तो मुद्दा इतिवृत्तात आला नाही.

वर्तमानपत्राचे संपादक म्हणाले की वाचकांना रेघ खालीच पाहायची सवय झाली आहे. विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणाले की या मालिकेवर किमान वीसेक जण पीएचडी करत आहेत, त्यांच्या पोटावर पाय देऊ नये. सगळ्यांचं बोलणं वाजवी होतं. तटस्थरावांना एकाचंही बोलणं खोडता येईना, कारण त्यातलं बरंचसं त्यांनीच कधी ना कधी लिहिलेलं होतं. एकाने तर त्यांचंच वाक्य वाचून दाखवलं, पान क्रमांकासकट.

संचालकबाई शेवटी बोलल्या. "सरांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. म्हणूनच अवघड आहे. मला वाटतं, मालिका आहे तशी ठेवावी, आणि सरांच्या कामाची कृतज्ञता म्हणून तिला सरांचं नाव द्यावं. नाव दिलं की क्रमाला कुणी हात लावणार नाही, अशी तरतूदही करून टाकू. म्हणजे पुढे कुणाला मोह नको."

टाळ्या झाल्या. तटस्थराव उभे राहिले, कारण टाळ्या झाल्या की उभं राहायचं असतं. त्यांना काय वाटलं ते कळायला मार्ग नव्हता. शिपायाने पेढ्यासारखं काहीतरी गोड आणून प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवलं. चव कशी आहे असं बाईंनी विचारलं तेव्हा ते काय म्हणाले असतील ते सांगायला नको.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आता ते पान तुमच्याच नावाचं?"

"हो."

"मग समुद्रकाठी गेलो असतो तर समुद्रालाही तुमचंच नाव मिळालं असतं," ती म्हणाली आणि उठून कुकर लावायला गेली.

निवृत्तीनंतर तटस्थराव घरात कसे बसतात याची बायकोला काळजी होती, पण ते बसले. संस्थेतल्या खोलीत बसत तसेच बसले, भिंतीकडे तोंड करून. तिचं दुकान चालू होतं. ती सकाळी जाई, संध्याकाळी येई. भिंतीवर ओल होती. वरच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं होतं. स्वयंपाकघराचं दार फुगलं होतं आणि नळ गळत होता.

पुढच्या पाहणीच्या हंगामात, एका रविवारी सकाळी दार वाजलं. दारात एक मुलाखतकार बाई, गळ्यात ओळखपत्र, हातात तक्त्यांची वही. संस्थेत काम करणाऱ्यांची घरं पाहणीतून वगळावीत, असा नियम तटस्थरावांनीच लिहिला होता. निवृत्तांबद्दल काही लिहायचं त्यांना सुचलं नव्हतं. निवडलेलं घर बदलून शेजारचं घेऊ नये, हाही नियम त्यांचाच. बाई नवी होती, तिने त्यांना ओळखलं नाही. त्यांनी ओळख दिली नाही, कारण त्याने उत्तरांवर परिणाम होतो.

"घरात मोठी माणसं कोण कोण?"

"मी आणि हे," बायको म्हणाली.

"आधी वाढदिवस कुणाचा येतो?"

"माझा."

"मग मुलाखत तुमची. काकांना दुसऱ्या खोलीत बसावं लागेल. नियम आहे तसा."

"माहीत आहे," तटस्थराव म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. दार पुरतं लागलं नाही.

ते ओट्याजवळच्या स्टुलावर बसले. बाहेरून प्रश्न ऐकू येत होते. छापले होते तसेच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. बाई चांगली तयार झाली होती.

"नळाला पाण्याचा दाब?"

"सकाळी बरा असतो. मग नुसतं नावाला."

"भिंतींना ओल?"

"तुमच्या मागे बघा. टेकू नका फक्त."

"वरच्या मजल्यावरून आवाज?"

"वरचे बहुतेक कपाटं सरकवायच्या धंद्यात आहेत."

बाई हसली नाही. तटस्थरावांना आत अभिमान वाटला. बायकोचा आवाज एकेका प्रश्नागणिक खाली जात होता. ती शिंपीण खुर्चीत खाली गेली होती तसाच.

"दारं-खिडक्या नीट लागतात का?"

"स्वयंपाकघराचं नाही लागत. म्हणून तर हे सगळं ऐकतायत."

"गळका नळ?"

"तो आता घरातलाच झालाय."

पान संपलं. पुढचं पान उलटल्याचा आवाज आला. तटस्थरावांना उठून बाहेर जावंसं वाटलं. म्हणावंसं वाटलं की थांबा, आता विचारू नका, आधी विचारायला हवं होतं. पण उत्तरदात्याच्या खोलीत इतरांनी येऊ नये.

"एकूण सगळा विचार करता, तुम्ही तुमच्या आयुष्याबद्दल किती समाधानी आहात?"

"एकूण म्हणजे कुठपासून धरायचं? लग्नापासून?"

"तुम्हाला जसं वाटेल तसं."

"हे वाक्य कुठेतरी ऐकलंय मी," बायको म्हणाली. वर एक कपाट सरकलं. "थोडी असमाधानी. हां, तेच लिहा."

बाईने लिहिलं. चहा घेतला. चांगला झालाय असं न म्हणता गेली.

तटस्थराव बाहेर आले आणि समोरच्या खुर्चीत बसले. बायको रिकामे कप गोळा करत होती.

"ते तक्रारींचं पान आधी येतं ना," ते म्हणाले, "म्हणून तसं उत्तर निघतं."

"मला माहीत आहे. तीस वर्षं ऐकतेय."

"म्हणजे पान आधी नसतं, तर…"

"विचारून बघा," ती म्हणाली. कप हातातच ठेवून ती उभी राहिली.

असा परिणाम दुसऱ्या विषयावर थोडं बोललं की ओसरतो, असं त्यांनीच एका लेखात दाखवलं होतं. त्यांनी दुकानाचं विचारलं. ती म्हणाली, ठीक चाललंय. त्यांनी मालकाचं विचारलं. मालकही ठीक होता. आत नळ टपटपत होता. वर पुन्हा एक कपाट सरकलं, बहुधा मघाचंच, मूळ जागी. तिच्या मागे भिंतीवर ओल होती, आणि नजर उचलली की ती दिसत होती. ते पान वाचायचं काही थांबत नव्हतं. बाई निघून गेली तरी घर ते वाचतच होतं.

ती अजून उभी होती. मघाची थट्टा तिच्या चेहऱ्यावर उरली नव्हती. तिथे काय होतं ते त्यांना वाचता येईना.

"थांब," तटस्थराव म्हणाले, "आधी नळाचं बघतो."

"बघा," ती म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.

ते उठले. नळ आवळायचा पान्हा घरात कुठेतरी होता. कुठे ठेवतात ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं तर तिलाच विचारावं लागणार होतं.